काटा पन्नासवर

रुखमाला दुपारी नाल्याकाठी अग्नी दिला आणि संध्याकाळी सहाला बापूराव निमगडे प्लांटवर हजर होता. अंगात तोच सदरा, सदऱ्याला चितेच्या धुराचा वास. लोक अजून त्याच्या घराच्या ओसरीत बसलेले होते, कोणी चहा घेत होतं, कोणी त्याची मुलगी रिना हिला धीर देत होतं. हा उठला, चपला घातल्या आणि चालू लागला. रिनाने मागून हाका मारल्या, तर मान न वळवता एवढंच म्हणाला की सहा वाजत आले.

आता तुम्ही म्हणाल, काय दगड माणूस आहे. पळसटोल्यातल्या दोन-चार जणांच्या मनातही तेच आलं. पण तसं नव्हतं हो. त्याला काही वाटतच नव्हतं, आणि काही वाटत नाही याचीही त्याला फिकीर नव्हती. बायको गेली हे त्याला ठाऊक होतं, आज मंगळवार आहे हे जसं ठाऊक असतं तसं.

पळसटोला म्हणजे धानोऱ्याच्या पुढे डांबरी सडक सोडून दोन नाले ओलांडले की लागणारं बासष्ट घरांचं गाव. बहुतेक घरं गोंडांची. सरकारी तार येणार, येणार म्हणता म्हणता तीन निवडणुका उरकल्या. जंगलातून खांब टाकायचे तर जंगलखात्याची परवानगी पाहिजे, आणि ती फाईल कोणत्या टेबलावर झोपली आहे हे सांगायला कोणी तयार नाही. शेवटी २००१ साली नागपूरच्या एका संस्थेने गावापासून अर्ध्या मैलावर, नाल्याच्या वळणावर पत्र्याची शेड ठोकली आणि लाकडावर वीज करायचं यंत्र बसवलं. कागदोपत्री त्याला वीतभर लांब नाव होतं. उद्घाटनाला आलेल्या साहेबालाही ते एका दमात म्हणता आलं नाही. गाव त्याला प्लांट म्हणे.

एक उभी लोखंडी टाकी. तिच्यात वरून लाकडाचे वीतभर तुकडे टाकायचे, खाली निखारे, आणि हवा मोजकीच सोडायची, म्हणजे लाकूड भडकत नाही, नुसतं धुमसतं. त्यातून निघणारा वायू पाण्याने धुवायचा, वाळूतून आणि फडक्यातून गाळायचा आणि इंजिनाला पाजायचा. इंजिन जनित्राला फिरवतं आणि जनित्रातून निघालेल्या तारा घरोघर जातात. सुबाभूळ, बेशरमच्या काड्या, जंगलात पडलेल्या फांद्या, काहीही चालतं. सुकं मात्र पाहिजे.

ऐकायला सोपं वाटतं, पण खरी मारामारी पुढेच आहे. पॅनलवर एक काटा असतो, तो पन्नासवर राहिला पाहिजे. गावाने जास्त वीज ओढली की इंजिन दमतं, काटा एकोणपन्नास, अठ्ठेचाळीस असा उतरतो, आणि सत्तेचाळीसच्या खाली गेला की पॅनल आपणहून तारा तोडून मोकळा होतो. गावाने एकदम वीज सोडली की उलट, इंजिन उधळतं आणि बल्ब फुटतात. शहरांच्या मागे म्हणे शंभर यंत्रं एकमेकांना धरून असतात, एक दमलं तर दुसरं ओढतं. इथे इंजिन एक आणि माणूस एक. बापूरावचा एक हात हवेच्या झडपेवर, एक इंजिनाच्या दांडीवर, संध्याकाळी सहा ते रात्री दहा, अशी पाच वर्षं गेली होती. तो आजारी पडला तर गावात उजेड नाही. सुट्टी म्हणजे काय ते त्याला माहीतच नव्हतं.

बापूराव मूळचा नागभीडकडचा. बाप रेल्वेच्या गँगमध्ये होता, लहान गाडीच्या रुळांवर त्याची हयात गेली. याने नववीत शाळा सोडली आणि स्टेशनाजवळ खुर्शीद उस्तादांच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात बसायला लागला. उस्ताद पेचकसाचं टोक चालत्या मोटारीला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून सांगायचे की कुठलं बेअरिंग गेलं. हा तेच शिकला. पुढे धानगिरणीत इंजिन ड्रायव्हर म्हणून पंचवीस वर्षं काढली. रुखमा त्याच गिरणीत कोंडा चाळायला होती. लग्न तिथेच जमलं, कोणाला फार धावपळ करावी लागली नाही. गिरणी बंद पडली तेव्हा बापूराव पंचेचाळिशीला आलेला, रिनाचं लग्न राजुऱ्याच्या कुलदीपशी होऊन ती खाणीच्या कॉलनीत राहायला गेलेली. तेवढ्यात प्लांटसाठी इंजिनावरचा माणूस शोधत संस्थेचा इंजिनियर आला आणि ही दोघं भांडीकुंडी घेऊन जंगलात राहायला आली. बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर रुखमाने मांडीवर घेऊन आणली होती.

रुखमाला तीन दिवस ताप होता. त्या मुलखात तापाला कोणी घाबरत नाही, गोळ्या घेतात आणि कामाला लागतात. चौथ्या दिवशी सकाळी ती माणसं ओळखेना. बैलबंडीत घालून धानोऱ्याला न्यायला निघाले, तर दुसऱ्या नाल्याला पाणी होतं. पाणी उतरण्याची वाट पाहत थांबले. पाणी उतरलं तेव्हा ती गेलेली होती. बंडी तिथूनच माघारी फिरवली.

त्या संध्याकाळी प्लांट बंद राहिला. दुसऱ्या दिवशी रिना पोचली, त्रिशरण झालं आणि चिता रचायची वेळ आली, तेव्हा कळलं की आठ दिवसांच्या झडीने गावात सुकं लाकूड कुठेच नाही. होतं ते प्लांटच्या शेडमध्ये, बापूरावने उन्हाळ्यात फोडून रचलेलं. शेजारचा जंगू नरोटे गावच्या समितीचा अध्यक्ष, तोही विचारायला कचरत होता. बापूराव स्वतःच म्हणाला की शेडमधलं घ्या, आणि कोणत्या रचीतलं जास्त सुकं आहे तेही दाखवलं.

पहिले दोन दिवस प्लांट बरा चालला. तिसऱ्या संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास काटा उतरायला लागला. बापूरावने हवा वाढवली, सळई घालून निखारे हलवले, टाकी ठोकली. काटा सत्तेचाळीसवर आला आणि पॅनल पडला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा पडला. दहाला तो अंधारात घरी आला, भात उकडून खाल्ला आणि झोपला. चौथ्या संध्याकाळी तेच. पाचव्या संध्याकाळी तेच.

मग दिवसा त्याने प्लांट खोलायला सुरुवात केली. वाळू बदलली, फडकी धुतली, पाण्याच्या नळ्या साफ केल्या, इंजिनाचा वेग सांभाळणारा गव्हर्नर उघडून स्प्रिंग तपासली. सुकं लाकूड चितेला गेलं होतं म्हणून ओले तुकडे चुलीवर भाजून काढले. त्यातही एकदा तापलेल्या नळीवर तळहात टेकवून तो दुसऱ्या हाताने नट आवळत राहिला. मांस जळाल्याचा वास आला तेव्हा त्याने हात उचलून पाहिला. दुखतंय का, तर दुखत होतं बहुतेक. कुणा दुसऱ्याच्या हाताकडे पाहावं तसा तो त्या हाताकडे पाहत राहिला.

रिना आठ दिवस राहिली. बाप रडत नाही, बोलत नाही, विचारलं तेवढ्याचं उत्तर देतो, याने ती घाबरली होती. इथे आता तुमचं कोण आहे, चला माझ्यासोबत, असं ती रोज म्हणायची. कुलदीपने निरोप धाडला होता की बाबांसाठी टीव्हीच्या खोलीत खाट टाकली आहे. जावई चांगला होता, त्याच्या मनात खोट नव्हती. पण त्या खाटेवर बसून करायचं काय, हे बापूरावला कळत नव्हतं. इथे निदान काटा होता. काट्याकडे चार तास पाहावं लागतं, त्याच्याकडे पाहताना दुसरीकडे पाहता येत नाही. काटा नसला तर आपण दिवसभर कशाकडे पाहणार, एवढी एकच भीती त्याला त्या दिवसांत वाटत होती. बाकी सगळं बधिर होतं. प्लांट आहे तोवर कसा येऊ, असं म्हणून त्याने रिनाला बसमध्ये बसवलं. ती म्हणाली, आणि प्लांट गेला तर? त्याने तिची पिशवी खिडकीतून आत दिली.

पंधराव्या दिवशी संस्थेचा इंजिनियर मोटारसायकलवर आला. जिशान त्याचं नाव, चंद्रपूरचा, तिशीच्या आतला. पाच वर्षांपूर्वी बापूरावला याच पोराने शोधून काढलं होतं आणि रुखमाच्या हातचं जेवण त्याने कितीदा खाल्लं होतं. भेटल्यावर त्याने बापूरावचे दोन्ही हात हातात घेतले. मग दोघं संध्याकाळी प्लांटवर बसले. पॅनलवरचा भाराचा मीटर दुसऱ्याच वर्षी मेला होता, संस्थेकडे नवा मागून मागून अर्ज पिवळे पडले. जिशानने सोबत तारेला चिमट्यासारखं पकडून मोजायचं यंत्र आणलं होतं. आठ वाजता त्याने ते लावलं आणि कपाळाला हात लावला.

प्लांटमध्ये काहीच बिघाड नव्हता. पावसाळी लाकडावर इंजिन साडेचार किलोवॅट देत होतं, ते दर पावसाळ्यात तेवढंच देत असणार. गाव सहाच्या वर ओढत होतं. बापूराव म्हणाला की असं होऊच शकत नाही, बासष्ट घरं तीच, घरटी दोन बल्ब तेच, पाच पावसाळे याच इंजिनावर काढले. संस्थेने दिलेले बारके दिवे केव्हाच गेले होते आणि लोकांनी बाजारातून पिवळे बल्ब आणले होते हे खरं, पण त्यालाही तीन वर्षं झाली होती. जिशान म्हणाला, मग कोणीतरी शेगडी लावतंय, नाहीतर आकडा टाकतंय.

आणि मग जे सांगायला तो आला होता ते त्याने सांगितलं. कोरचीकडचं एक गाव प्लांट मागत होतं. नागपूरच्या साहेबांचं म्हणणं होतं की पळसटोल्याचा रोज बंद पडतो, ऑपरेटर दुःखात आहे, तर यंत्र उचलून तिकडे न्यावं. जिशानने मुदत मागून घेतली होती. पुढच्या शुक्रवारी तो स्वतः येऊन सहा ते दहा बसणार होता. त्या चार तासांत एकदा जरी पॅनल पडला तरी त्याला हलवण्याचं पत्र लिहावं लागणार होतं. "मला खोटं लिहिता येणार नाही, बापूभाऊ," तो म्हणाला. बापूरावने मान हलवली.

दुसऱ्या दिवसापासून बापूराव घरोघर फिरला. इतक्या वर्षांत तो कोणाच्या घरात असा घुसला नव्हता. आढ्याकडे पाही, तारा चाचपून पाही, चुलीमागे डोकावे. कुठे शेगडी नाही, आकडा नाही. घरटी दोन बल्ब, तेही दिवसाचे विझलेले. लोक त्याला बसायला बाज देत, चहा देत आणि काय शोधता म्हणून एका शब्दाने विचारत नसत. बापूभाऊचं चित्त ठिकाणावर नाही, म्हणून प्लांट बंद पडतो, म्हणून बिचारा असा फिरतो, असं गावाने आपसात ठरवून टाकलं होतं. दुःखातल्या माणसाला कशाला टोचायचं, म्हणून सगळे गप्प. आणि हाही विचारणार कसा, की तुमच्यापैकी चोर कोण? तर हाही गप्प. जंगूची बायको मंगली तेवढी त्याच्या भाजलेल्या तळहातावर रोज पाला वाटून बांधायची, पण तीही याबद्दल काही बोलली नाही.

शुक्रवारी दुपारपासून पाऊस लागला. सहाला जिशान भिजून आला, खुर्ची पॅनलसमोर ओढून बसला. सातपर्यंत काटा पन्नासवर स्थिर होता. साडेसातला एकोणपन्नास झाला. बापूरावने भाजलेले तुकडे टाकले, निखारे हलवले, हवेची झडप केसभर केसभर फिरवली. पावणेआठला अठ्ठेचाळीस. इंजिनाचा आवाज जड झाला, ओझं घेऊन चढण चढणाऱ्या माणसासारखा. बापूरावची भाजलेली मूठ दांडीवर आवळलेली होती आणि चेहरा कोरा होता. जिशानला ते बघवेना. त्याने उठून बापूरावला बाजूला केलं, दांडी आपल्या हातात घेतली आणि म्हणाला, "मी पंधरा मिनिटं ओढून धरतो. तुम्ही गावात जा. कोण खातंय वीज, ते डोळ्यांनी बघून या."

अर्धा मैल चिखलाची पायवाट. बापूराव पन्नाशी ओलांडलेला, पण धावला. वळणापर्यंत झाडी दाट होती, प्लांटवरून गावाचा मागमूसही दिसत नसे. वळण संपलं आणि तो थबकला.

समोर गाव उजेडात उभं होतं. एकूण एक घर. पिवळा उजेड ओसऱ्यांवरून सांडून चिखलात आला होता, अंगणातली कोंबड्यांची खुराडी दिसत होती, कुडाच्या भिंतीवरचं सारवण दिसत होतं. आणि इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. बापूरावने हे कधी पाहिलेलंच नव्हतं. सहाला तो प्लांटवर असायचा, दहाला प्लांट बंद करूनच निघायचा. तो आला म्हणजे दिवे गेलेले. आपण पाच वर्षं चालवलेला उजेड तो त्या संध्याकाळी पहिल्यांदा पाहत होता. काही वाटलं का? नाही वाटलं. तो नुसता मोजत होता. घरटी दोन, दोन्ही चालू, वरून कित्येकांनी एक तार ओढून दारावर तिसरा टांगलेला. चोर एक नव्हता, अख्खं गाव होतं. तो आपल्या गल्लीत शिरला आणि त्याचं स्वतःचं घरही लखलखीत उजळलेलं दिसलं. दार उघडं, आत बल्ब, ओसरीत बल्ब. ओसरीच्या पायरीवर मंगली बसली होती.

"मंगलीबाई, माह्या घरचे दिवे कोणी लावले?"

"मीनं लावले, भाऊ. रोजच लावतो."

मग मंगलीने सांगितलं ते असं. टोल्यावर रीत होती. ज्याच्या घरून मयत निघाली त्याला महिनाभर अंधाऱ्या गल्लीतून घरी येऊ द्यायचं नाही. तो बाहेर असेल तोवर प्रत्येकाने दारात दिवा ठेवायचा. पूर्वी रॉकेलच्या चिमण्या ठेवायचे, आता वीज होती तर बल्ब. ज्याच्यासाठी करायचं त्याला ते बोलून दाखवायचं नाही, तीही रीतच. पहिले दोन दिवस गावाने दुखवटा म्हणून घरचे दिवेही मोजकेच लावले; तिसऱ्या दिवसापासून हे धरलं होतं, आणि बासष्टच्या बासष्ट घरांनी धरलं होतं. बापूभाऊ परका, जंगलात एकटा पडला, त्याच्यासाठी इतकं तरी करावं म्हणून लोकांनी तिसरा बल्ब विकत आणून दारावर टांगला होता, आणि त्याला कळू नये म्हणून सकाळी तो तारेसकट काढून ठेवत होते. म्हणजे पाहा. ज्याला उजेड द्यायचा म्हणून गाव झटत होतं, त्याचंच इंजिन त्या उजेडाखाली रोज चिरडलं जात होतं. आणि प्लांट बंद करूनच निघणारा तो बिचारा तरीही अंधारातच घरी येत होता.

बापूराव धापा टाकत होता. त्याने सांगितलं की एवढा भार इंजिनाला झेपत नाही, यामुळेच बंद पडतं, अर्धे दिवे आत्ताच्या आत्ता विझवले नाहीत तर आज प्लांट जातो. मंगली चटकन उठली, पण तिच्या तोंडावर नवल होतं.

"असं होय. म्हणूनच रुखमाबाई विझवायला लावे का?"

बापूरावला कळलं नाही. त्याने पुन्हा विचारलं, काय म्हणालात?

मंगलीला वाटलं होतं की एव्हाना त्याला हे ठाऊक झालं असेल. नवऱ्याला नाही तर कोणाला ठाऊक असणार? रुखमा रोज दिवेलागणीलाच सैपाक उरकून घरचे दोन्ही बल्ब विझवायची आणि ओसरीत अंधारात बसायची. बायका गप्पांना यायच्या तर तिचं अर्धं लक्ष नाल्याकडे. साडेसात-पावणेआठला, सगळ्यांच्या चुली आणि पोरांचे अभ्यास एकदम चालू असत तेव्हा, इंजिनाचा आवाज जरा जड झाला की ती उठायची. पाऊस असो की चिखल, गल्ल्यागल्ल्यांनी फिरायची, आज या ओळीतले बल्ब विझवायला सांग, उद्या त्या ओळीतले. ज्याच्या घरी पाहुणे असतील त्याला सोडायची, कोणाचं पोर परीक्षेला बसलेलं असेल त्याला सोडायची. आवाज मोकळा झाला की परत ओसरीत येऊन बसायची. पाच वर्षं. एक दिवस खंड नाही, तापाच्या तिन्ही संध्याकाळीही कोपऱ्यापर्यंत जाऊन आली.

"तुमाले कवाच नाई सांगतलं तिनं?" मंगलीने विचारलं. "आमालेबी म्हणे, त्यायले नोका सांगू. तिले तुमच्या इंजनाच्या आवाजात सगळं समजे, आमाले काईच नाई समजे. म्हणे, 'त्यायचा हात थकला आता. विझवा एकेक.'"

बापूराव पायरीजवळ उभाच होता. रात्री साडेदहाला घरी येऊन ताटावर बसला की तो रोज सांगायचा, आज काटा कसा घसरला होता आणि आपण कसा वळणावर आणला. माह्या हाताले काटा ओळखते, असं म्हणायचा. ती भात वाढता वाढता हो म्हणायची. एवढंच, हो.

मंगली पावसात गल्लीत गेली होती. तिच्या हाका ऐकू येत होत्या, जंगूही दुसऱ्या अंगाने ओरडत निघाला होता. एकेक ओळ विझत गेली. बापूराव घरात शिरला, आतला बल्ब विझवला, ओसरीतला विझवला आणि तिथेच खाली बसला. काळोखात नाल्याकडून इंजिनाचा आवाज येत होता, जड, रखडणारा. मग तो हळूहळू सुटत गेला, मोकळा झाला, एका लयीत पडला. किती लख्ख ऐकू येत होतं तिथून. प्लांटवर कानठळ्या बसवणाऱ्या धडधडीत काटा बघितल्याशिवाय जे कळत नसे, ते इथे अंधारात बसलेल्या बाईला नुसतं कळत होतं. दांडी थोडी वर गेली, थोडी खाली आली, जिशानच्या नवख्या हाताचा धसमुसळेपणासुद्धा बापूरावला तिथे बसून ओळखता आला. म्हणजे तिला आपलं सगळंच कळत असणार. कोणत्या दिवशी आपण दमलो, कोणत्या दिवशी चिडलो, कोणत्या दिवशी डोळा लागला. रोज चार तास ती आपल्यासोबत बसलेली होती आणि आपल्याला वाटत होतं की आपण एकटे आहोत.

तेव्हा त्याला पहिल्यांदा वाटलं. छातीत आधी एक कळ आली, मग तळहात दुखायला लागला, भाजला तेव्हा दुखायला हवा होता तसा, आणि मग बापूराव मोठ्याने, लाज न धरता रडला. गल्लीला ऐकू गेलं. कोणी आत आलं नाही. आपापल्या विझलेल्या ओसऱ्यांत बसून लोकांनी ते ऐकलं.

दहा वाजता इंजिन थांबलं. थोड्या वेळाने जिशान चिखल तुडवत, विजेरी मारत आला. आनंदाने त्याचा आवाज फुटत होता. दहा वाजून गेले तरी गाव जागं आहे, याचं त्याला नवल वाटलं असेल, पण बातमी सांगायची घाई जास्त होती. एकदाही पॅनल पडला नव्हता, आठनंतर तर काटा पन्नासवरून हललासुद्धा नव्हता. कोरचीला आता दुसरं यंत्र बघा म्हणून लिहितो, तो म्हणाला. मग विजेरीच्या उजेडात त्याला बापूरावचा चेहरा दिसला आणि त्याने विजेरी खाली केली.

"काय केलं तुम्ही, बापूभाऊ?" त्याने हळूच विचारलं.

"मीनं काई नाई केलं, साहेब," बापूराव म्हणाला. "मीनं कवाच काई नाई केलं. ते रुखमा करत होती."